भंडाऱ्याचं पाणी पिणारी मोटार

चुडामण ड्रायव्हरला मोटारीतलं काहीच कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. त्याला हॉर्न उत्तम वाजवता येत असे.

बुधवारा पेठेत आमच्या घरासमोर मागवाल्या शेठजींचं आवार आहे. आत मागांची शेड, छपरावर पाण्याची टाकी, फाटकाशी एक खोली. त्या खोलीत चुडामण आणि त्याची बायको भागाबाई राहतात. शेडच्या पत्र्याखाली शेठजींची काळी मोटार उभी असते. सत्तेचाळीस साली खंडव्याचा एक इंग्रज साहेब विलायतेला निघाला, तेव्हा जाता जाता ती शेठजींच्या गळ्यात मारून गेला. तिच्याबरोबरच चुडामण आला. तो रावेरकडचा, केळीवाल्या घरातला. लढाईत मी लष्कराची लॉरी चालवली, असं तो सगळ्यांना सांगे. लॉरी तो धुवायचा, हे त्याच्याच गावच्या माणसाकडून पुढे कळलं. खाकी टोपी मात्र खरीच लष्कराची होती, आणि ती तो जेवतानाही काढत नसे. अन्नापुढे टोपी घालून बसणाऱ्या माणसाबद्दल माझं मत चांगलं होणं कठीण.

त्याचं दुसरं दैवत म्हणजे भंडाऱ्याचं पाणी. बादशाही काळात डोंगराच्या पोटातून भंडारे, म्हणजे पाण्याची भुयारं, खणून हे पाणी शहरात आणलं. आजही तेच येतं आणि गावाला त्याचा फार अभिमान. चव गोड आहे, मी नाही कुठे म्हणते? पण सकाळी तासभर नळ चालणार, बायका पहाटेपासून हंडे लावून उभ्या, आणि हा पठ्ठ्या टोपी सावरत थेट पुढे.

"सरका, सरका! शेठजीच्या गाडीचं पानी हाये!"

"चुडामणभाऊ, गाडीला विहिरीचं चालत नाही का?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, जे पानी बादशा पेला, तेच आमची गाडी पेते. इहिरीचं खारं पानी इंजनले पाजू? तुम्हाले काय समजते?"

दोन बादल्या भरून तो जाई. त्याच्या पाठीमागे भागाबाईचा हंडा लागेपर्यंत नळाची धार करंगळीएवढी झालेली. मग ती आवारातल्या त्याच खाऱ्या विहिरीचं पाणी शेंदून प्यायची. नऊ वर्षं मोटार गोडं पाणी पीत होती आणि लग्नाची बायको खारं. माझ्या वहीत हे मी तीन वेळा लिहिलं आहे. तिन्ही वेळा शेवटी 'पांडुरंगा' असं लिहून पान उलटलं, कारण दुसऱ्याच्या संसारात बोलू नये असं आमच्या यांचं सांगणं असतं. आमचे हे मराठी शाळेत मास्तर आहेत.

मोटारीला पाणी पाजायचा सोहळाही बघण्यासारखा असे. पुढची तोंडावरची जाळी असते ना, तिच्यामागे पाणी गार करणारी पितळी पेटी. तिला तो रेडिएटर म्हणे. तिचं झाकण उघडायचं, तोंडावर पंच्याची घडी ठेवायची, वरून धार सोडायची. जेवढं आटलं तेवढं भरायचं. खालच्या तोटीतून जुनं पाणी काढून टाकणं त्याला माहीतच नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण तो काढत नसे.

"भंडाऱ्याचं पानी गटारात सांडू? पाप लागीन!"

आता पापपुण्य त्याने मला शिकवावं! अहो, देवावरचं फूलसुद्धा दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं. देवापुढचं तांब्यातलं पाणी आपण रोज बदलतो. कालचं तसंच ठेवून वर चमचाभर ताजं घातलं तर त्याला पूजा म्हणत नाहीत, आळस म्हणतात. पण टोपीखालच्या डोक्यात हे जावं कसं?

दोन वर्षांपासून मोटार उकळायला लागली. आधी चढावर, मग सपाटीवरही. एकदा पेटीच्या खालच्या सांध्यातून थेंब पडू लागले, तर याने पाण्यात मूठभर हळद टाकली. सगळे ड्रायव्हर टाकतात म्हणे. गळती थांबली, तशी छाती काढून हिंडला. पुन्हा गळली, पुन्हा हळद. मोटार आणखी तापली. मग बॉनेटवर ओलं पोतं आलं. नंतर पुढे लिंबूमिरची बांधली. तिलाही वाफेचा चटका बसून ती संध्याकाळपर्यंत शिजून निघे.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठजी लालबागच्या स्टेशनाकडे निघाले होते. तीन मैलांचा सरळ रस्ता. अर्ध्या वाटेत मोटारीने फुस्स केलं आणि शेठजी वाफेत दिसेनासे झाले. मागून टांगेवाला आला. तो म्हणाला, "शेठजी, या बसा. आमचं घोडं पाणी पितं, पण उकळत नाही." शेठजी टांग्यात बसून स्टेशनावर गेले, आणि ही गोष्ट संध्याकाळी इतवाऱ्यापर्यंत पोचली.

त्यातच नागपूरचं राज्य जाऊन भोपाळचं येणार होतं. आमच्या यांच्या शाळेत रोज तीच चर्चा. कोण इकडे राहणार, कोण वऱ्हाडात जाणार, परिपत्रकं आता हिंदीत येणार की कसं. शेठजींना असली काळजी नव्हती. त्यांना एकच ठाऊक, की नव्या राज्याचा मोठा साहेब तुळशीच्या लग्नानंतर माग बघायला येणार. साहेब खंडव्याहून रेल्वेने आला तर स्टेशनावर दहा शेठ हार घेऊन उभे. मोटारीने आणला तर तो आपल्याच दारात उतरणार. म्हणून चुडामणने खंडव्याला जाऊन त्याला अशीरगडच्या घाटातून आणायचं ठरलं. शेठजींनी फाटकात उभं राहून सांगितलं, आमच्या ओसरीपर्यंत ऐकू आलं.

"देख चुडामण. घाट में गाडी उबली, तो गाडी भंगार में और तू तेरे गाँव. खोली खाली कर देना."

चुडामण म्हणाला, "जी शेठ." आणि बॉनेटवरची धूळ रुमालाने पुसली. तेवढाच त्याचा उपाय.

गावी त्याला कोण विचारत होतं! जमीन केव्हाच भावांनी वाटून घेतलेली. भागाबाईचं सगळं जग म्हणजे ती दहा बाय दहाची खोली, कोनाड्यातली अंबाबाई आणि दारातली तुळस.

दिवाळीच्या तोंडावर मी परसात तांब्याचा बंब घासायला काढला होता. अभ्यंगस्नानाला बंब लख्ख लागतो. भंडाऱ्याचं पाणी तापवून तापवून आत पांढरा थर बसतो, दगडासारखा. नुसत्या राखेने तो हलत नाही. चिंचेचा दाट कोळ गरम करून आत ओतायचा, तसाच राहू द्यायचा, मग थर सुटतो. आमच्याकडे सासूबाईंच्या सासूबाईंपासून असंच करतात. भागाबाई तेव्हा आली आणि पायरीवर बसली. शेठजींचं बोलणं मी ऐकलंच होतं, तिने पुन्हा सांगितलं. रडली नाही. तिला रडताना मी कधी पाहिलं नाही. ती बोलता बोलता बंबातून निघालेली खपली हातात घेऊन उलटीसुलटी करत होती.

"वहिनी, हे कायचं व?"

"भंडाऱ्याच्या पाण्याचं. उकळलं की धरतं. दर दिवाळीला काढते."

"दर दिवाळीले?" तिने खपली नखाने टोकरली. "आन् नऊ वर्सं काढलंच नही तं?"

मी घासायची थांबले.

"वहिनी, गाडीची ती पेटी पितळीच हाये ना? पानी भंडाऱ्याचंच, उकळते रोजच. मंग तो बंबच झाला ना?"

हे तिला सुचलं, मला नाही. नऊ वर्षं दर दिवाळीला मी बंब घासत होते, दोन वर्षं समोर मोटार उकळत होती, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. हे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं आहे.

आम्ही दोघी तशाच चिंचेच्या हातांनी फाटकात गेलो. चुडामण मोटारीचा हॉर्न पुसत होता. भागाबाईने सांगितलं, तर तो हसला.

"हे इंजन हाये व, बंब नही! तुमचा बंब चालते का खंडव्याले?"

"मोटार तरी कुठे चालते?" मी म्हटलं.

त्याला ते लागलं. "बायकांनी गाडीत डोकं घालू नही वहिनी. लढाईत आम्हाले एक गोरा साहेब सांगे—"

गोरा साहेब काय सांगे ते राहिलंच. भागाबाईने झाकण उघडलं, अंबाड्यातला आकडा काढून सरळ केला आणि पेटीच्या तोंडातून आत घालून खरवडला. आकड्याच्या टोकाला एक खपली आली. माझ्या बंबातली पांढरी होती, ही पिवळी. हळदीत माखलेली, नखाएवढी जाड. तिने ती नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

चुडामणने ती खपली नाकाशी नेली. मग टोपी काढली. जेवताना न निघणारी टोपी तेव्हा निघाली.

भाऊबीज झाल्यावर काम सुरू झालं. पहिली सकाळ खालची तोटी उघडण्यातच गेली. तोटी फिरली, पण थेंब येईना. तार घालून कोचलं तेव्हा आतून पिवळा चिखल आला, जणू कुणी वर्षभर भांडीच धुतली नाहीत. तरी हा म्हणतो, भंडाऱ्याचं पाणी आहे, गटारात नको. बादली बादली करून लिंबाच्या झाडाला नेऊन घातलं. लिंब बिचारा काय बोलणार.

मग वरची आणि खालची रबरी नळी सोडवली. शेडवरच्या टाकीतून मागांच्या कामाचा लांब रबरी पाइप आणला आणि पाणी खालून सोडलं, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाईल. हे मात्र चुडामणने स्वतः सुचवलं. खोटं कशाला बोलू? नऊ वर्षांत त्याने सुचवलेली ही पहिली शहाणी गोष्ट. वरच्या तोंडातून खपल्या उडाल्या, गंज आला, एक मेलेलं झुरळही आलं.

दुसऱ्या दिवशी चिंच. दोन शेर चिंच मी रात्रभर भिजत घातली होती. भागाबाईला बजावलं होतं, कोळ तीनदा गाळायचा, जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून. आणि आम्ही दोघी आरतीला गेलो तेवढ्यात या शहाण्याने पहिलं घमेलं न गाळता ओतलं! रेषा, सालं, दोन चिंचोकेसुद्धा. आलो तर हा हात पुसत उभा.

"भाऊ, गाळलं का?"

"इंजन गाळून घेते वहिनी."

पितळी पेटीतल्या नळ्या म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक. त्यांत चिंचेच्या रेषा अडकल्या. पुन्हा रबरी नळ्या सोडवा, पुन्हा खालून पाणी. सगळी दुपार त्यात गेली. भागाबाईने दोन्ही चिंचोके शोधून काढले, धुतले आणि मोटारीच्या मडगार्डवर ओळीने ठेवले. त्याला दिसतील असे. संध्याकाळपर्यंत ते कुणी हलवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी गाळलेला कोळ पाण्यात कालवून भरला आणि इंजिन सुरू केलं. पेटी तापली तसा सगळ्या बुधवाऱ्यात वास सुटला. पलीकडच्या घरातून सोजरबाईने डोकावून विचारलं, "शेठजीकडं आमटी कवापासून शिजू राह्यली?" चुडामण तोंड फिरवून हॅण्डल पुसत राहिला. अर्धा तास चालवून बंद केली, पूर्ण निवू दिली. गरम असताना झाकण काढलंत तर तोंड भाजेल, हे त्यालाही अनुभवाने ठाऊक होतं. तोटी उघडल्यावर हिरवट काळं पाणी आलं, तळाला चुन्याचा गाळ. असं दोनदा केलं. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून फिरवलं, कारण आंबट आत राहिलं तर तांबंपितळ खातं. हे कुठलीही बाई सांगेल. शेवटी साध्या पाण्याने खळबळून काढायचं, ओंजळीत घेतलं तर हाताच्या रेषा दिसतील इतकं स्वच्छ येईपर्यंत. सात वेळा लागलं.

सातव्या वेळी पाणी स्वच्छ आलं, आणि खालच्या सांध्यातून टप टप गळायला लागलं. हळदीचा बोळा निघून गेला होता. चुडामण लगेच खोलीत शिरला. डबे वाजले.

"भागा, हयद कुठी?"

"अंबाबाईपाशी."

"दे."

"देवीची हाये ती. तुमच्या गाडीची नही." हळदीचा डबा तिने खरोखरच कोनाड्यात देवीच्या मागे ठेवला होता. देवीला हात लावायची त्याची छाती झाली नाही. मग तो मुकाट्याने पेटी सोडवून डोक्यावर घेऊन इतवाऱ्यातल्या तांबटाकडे गेला. तांबटाने सांधा डागून दिला आणि विचारलं, "ही कुणाच्या घरची परात रे?" हे मला सोजरबाईकडून कळलं.

आता पाणी भरायचं. सवयीने हा बादल्या घेऊन नळाकडे निघाला. भागाबाई फाटकात उभी राहिली. तिचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"गाडीले तापीचं पानी भरा. माया हातानं उकळून, निवळून, गाळून देईन. जो काही चुना असंन तो माया भगुल्याले बसंन. भंडाऱ्याचं पानी आता मी पेईन."

नळावरच्या सगळ्या बायका बघत होत्या. चुडामणने एकदा बायकांकडे पाहिलं, एकदा बादल्यांकडे. मग नदीकडे चालू लागला.

साहेब गुरुवारी यायचा होता. आधी घाट चढून बघणं भाग होतं. कार्तिकातला सोमवार होता, म्हणून मी म्हटलं, अशीरगडच्या महादेवाला मलाही न्या. मी महादेवासाठी गेले होते. भागाबाई मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली, मांडीवर पाण्याचा तांब्या घेऊन. नऊ वर्षं त्या मोटारीच्या काचा तिनेच पुसल्या होत्या, पण आत ती पहिल्यांदा बसली होती. गादीच्या अगदी कडेला बसली होती, मळेल म्हणून.

निंबोला गाव मागे पडलं. पुढे चढ लागला. घाटात एक वळण आहे, वडाच्या झाडाचं. तिथे ही मोटार दरवेळी उकळायची, आणि चुडामण डबा घेऊन उतरायचा. वड दिसला. त्याची मान मागून घामाने भिजलेली मला दिसत होती. भागाबाईने तांब्याभोवती दोन्ही हात आवळले. ती पुटपुटत होती. अंबाबाईचं नाव असेल असं मला वाटलं. कान देऊन ऐकलं तर म्हणत होती, "माही खोली, माही खोली."

वड मागे गेला.

वर पोचल्यावर चुडामणने मोटार थांबवली, उतरला, बॉनेट उघडून पेटीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. जाळीतून वाफेचा धागासुद्धा येत नव्हता. मला वाटलं, आता तरी हा माणूस बायकोकडे वळून एक शब्द बोलेल.

"आज हवा थंडी हाये," तो म्हणाला.

भागाबाईने तांब्यातलं पाणी स्वतः पिऊन टाकलं, सगळं. मग आम्ही दोघी पायऱ्या चढून महादेवाकडे गेलो.

गुरुवारी साहेब आला. घाटभर तो मागे झोपून होता. उतरल्यावर त्याने पहिलं विचारलं ते शौचालय कुठे आहे. मोटार त्याला दिसलीसुद्धा नाही. शेठजी मात्र खूश. त्यांनी चुडामणच्या पाठीवर थाप मारली, आणि खोलीबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

चुडामण हल्ली टांगास्टँडवर बसून ड्रायव्हर लोकांना विद्या देतो. "रेडिएटरले सालातून एकदा आंबट पाजा. चिंच. पन गाळून बरं का, गाळल्याबगर नही. मले लढाईत गोऱ्या साहेबानं सांगलं व्हतं." ऐकणारे माना डोलावतात. गोरा साहेब चिंच कुठे खात होता, असं कुणी विचारत नाही. मी आमच्या यांना म्हटलं, जाऊन त्याला खोटं पाडा. हे म्हणाले, तू वहीत लिही. भागाबाईला विचारलं तर म्हणाली, "बोलू द्या वहिनी. बोलल्यानं कुठी चुना बसते?"

टोपी तो अजून जेवताना काढत नाही.

पण सकाळी नळ सुटतो तेव्हा भागाबाईचा हंडा पहिला असतो. धार जाड असते तेव्हाच तो भरतो. आणि त्याच वेळी दोन रिकाम्या बादल्या घेऊन चुडामण नदीवरच्या राजघाटाची वाट धरतो. येताना पाणी हिंदकळून पॅण्टवर सांडतं. बायका विचारतात, "काय चुडामणभाऊ, बादशाचं पाणी सोडलं?"

"आमची गाडी तापीमायशिवाय दुसरं पानी पेत नही," तो म्हणतो, आणि बादल्या भागाबाईच्या चुलीपाशी नेऊन ठेवतो. उकळायला.